एक्सलवरचा कापूस

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आई गेली, तिलाही कळलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या दादाला ओळखत नाही — त्याच्यासमोर बसून चहा प्यायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

दादा दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होता. कापसाचे दिवस फिरले, जिनिंग बंद पडली, अन् त्या रिकाम्या आवारात रिमोटच्या गाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. हसू नका! दादा गाडी बनवायचा, चालवायची मी. तुहा हात हलका आहे, असं तोच म्हणायचा. फवारणीच्या जुन्या पंपाचं प्लास्टिक कापून त्यानं गाडीचा सांगाडा केलेला — बुटका, वळणावर जमीन न सोडणारा. नागपूरची पोरं विकतच्या परदेशी गाड्या आणायची, तरी पुढं दादाचीच. मग त्यांच्या गाड्या दर हंगामाला नव्या येऊ लागल्या. आपली अजून टिकते का? जेवताना दादाला दुसरा विषय नसे. नोकरी गेल्यावर त्याच्यापाशी तेवढंच उरलं होतं.

एका रविवारी शर्यतीला नागपूरचा एक दुकानदार गाडी पाहायला आला. टिकली तर तो दादाकडून गाड्या बनवून घेणार होता.

आता — जिनिंग बंद पडली म्हणून कापूस थोडाच जातो? फरशीच्या भेगांमधून तंतू निघायचे, मागच्या चाकांच्या दांडीला, एक्सलला, गुंडाळायचे, चाकं जड व्हायची. म्हणून शर्यतीआधी दाभणानं एक्सल साफ करायची. ते काम चालवणाऱ्याचं. माझं.

आणि मी काय करत होते? गप्पा मारत होते. ती पोरं माझ्या हाताची तारीफ करत होती, मला ते गोड लागत होतं. दाभण पिशवीतच राहिलं.

गाडी मागं पडली. पार मागं. पोरं म्हणाली, ताई, हात चांगला आहे, गाडीच जुनी झाली. मी गाडी उचलून उलटी केली. एक्सलवर कापसाचा हा एवढा जाड वेढा. पाठ फिरवून मी तो नखांनी उपसला अन् ओढणीच्या टोकात बांधला — कायले? तेव्हाच ठरलं होतं का माझं? हो. ठरलं होतं.

दादा आला. दुकानदार मागंच उभा होता.

"पिंके, खरं सांगजो. आपली गाडी कमी पडली का?"

"हो दादा. आता तुह्या गाड्या त्यांच्यापुढं नाही टिकत."

त्यानं मान हलवली. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या हातावर त्याचा भरवसा जास्त होता. दुकानदार गेला. महिन्याभरात दादानं हत्यारं विकली अन् बुटीबोरीला एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन म्हणून लागला. त्यानंतर एकही गाडी त्यानं बनवली नाही.

गाडी कमी पडली नव्हती. कमी मी पडले होते, आणि माझी तारीफ वाचावी म्हणून मी त्याची गाडी मारली.

दिवाळीला तो येतो. केस पांढरे झाले. माझ्या पोराच्या मोबाइलवर गाड्यांच्या शर्यती पाहतो, वळणं आली की त्याचे अंगठे आपोआप हलतात. मग मोबाइल परत देतो अन् दरवेळी तेच म्हणतो, "बरं झालं पिंके, तू तवाच खरं सांगतलं. नाईतर मी उगाच त्यातच अडकून राह्यलो असतो."

मी चहा ठेवायला उठते.