नोटरी बोक्याच्या पोटातलं पाणी

जनावरांच्या दवाखान्यात किस्से मांजराच्या केसांसारखे चिकटतात. कितीही झटका, घरी पोचेपर्यंत चार-दोन पॅन्टवर असतातच! अमरावतीच्या आमच्या दवाखान्यात मी जनावरं धरतो, फरशी पुसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल करतो. पगार पहिल्या दोन कामांचा. आजचे किस्से मात्र एकाच बोक्याचे. त्याचं नाव नोटरी. मालक देशमुख वकील. बायको गेल्यापासून घरात दोघंच. वकीलसाहेब भांडतात, नोटरी ऐकतो.

*

एक दिवस नोटरीचं पोट टम्म फुगलेलं. मी त्याला टेबलावर धरला आणि म्हटलं, "साहेब, पेढे काढा! नोटरीले दिवस गेले!"

"अबे, बोका आहे ना तो! नालायक आहेस बापू!" वकीलसाहेब ओरडले.

सगळा दवाखाना हसला. आमच्या डॉक्टर लांडे मॅडमही हसल्या. मग त्यांनी पोटाला हात लावला आणि त्यांचं हसू तिथंच थांबलं. सुईनं पाणी काढलं. पिवळं, मधासारखं चिकट.

*

"मांजरांचा कोरोना बिघडलेला दिसतो," मॅडम म्हणाल्या.

बाकावर धामणगावचे एक शेठ कुत्रा घेऊन बसले होते. मी तोंडावर रुमाल धरून फक्त एकदा खोकलो. शेठ बाहेर, कुत्रा आत!

मॅडम ओरडल्या, "शेठजी, हा माणसांना होत नाही!"

रस्त्यावरून उत्तर आलं, "कुत्र्याले राहू द्या, मी उद्या नेतो!"

*

वकीलसाहेबांनी मॅडमची उलटतपासणी सुरू केली. "बाकी मांजरायले होत नाही का?"

"हा व्हायरस कित्येक मांजरांच्या आतड्यात असतो. जरा पोट बिघडतं, बास. एखाद्याच मांजरात तो बदलतो. त्याच्या जनुकातलं एखाद-दुसरं अक्षर फिरतं, आणि तो आतड्यातून सुटून अंगभर पसरतो."

"एका अक्षरानं?"

"कधी कधी एकाच."

मी म्हटलं, "साहेब, एका अक्षरापायी तुमी लोकायले म्हातारं होईस्तोवर कोर्टात फिरवलं!"

कोणी हसलं नाही. वकीलसाहेब 'नालायक'ही म्हणाले नाहीत. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो.

*

ते पाणी तपासायला अकोल्याच्या लॅबमध्ये न्यायचं होतं. बर्फाच्या थर्मासात नळी घालून मी एसटीत बसलो. बडनेऱ्याला एक मावशी शेजारी येऊन बसली.

"भाऊ, चहा हाय का त्याच्यात?"

"नाही मावशी, कोरोना हाय. मांजराचा."

सीट खाली! पुढची खाली, मागची खाली! ड्रायव्हरनं मूर्तिजापूरला चहाचा थांबाच घेतला नाही. "उतरा बाप्पा एकदाचे!" म्हणत थेट अकोल्यात गाडी उभी केली. बर्फ शाबूत!

मी अख्ख्या सीटवर पाय पसरून गेलो. पण थर्मास काही मांडीवरून खाली ठेववला नाही.

*

लॅबमधले साहेब मोठे सरळ माणूस. म्हणाले, "ठराविक जागचं अक्षर फिरलेलं निघालं तर संशय पक्का धरा. पण बोका वाचेल का नाही, ते अक्षर सांगत नाही."

"साहेब, चांगलं तेवढंच सांगा ना. पेढे आणतो."

"इथं येणारे सगळेच आणतो म्हणतात," साहेब म्हणाले.

*

निकाल आला तेव्हा नोटरी माझ्याच हातात होता. पोट तेवढं मोठं, बाकी नुसती हाडं.

मॅडमनी चष्मा काढला. "अक्षर फिरलंय. आजपासून औषध सुरू करू, रोज इंजेक्शन. बरीच वाचतात. सगळी नाही वाचत."

वकीलसाहेब उभेच राहिले. बोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बापू, ही तुझीच चेष्टा आहे ना?"

मॅडमनी मान खाली घातली.

"हो साहेब," मी म्हटलं.

"माहीत होतं मले! नालायक आहेस!" असं म्हणून त्यांनी बाह्या वर केल्या, आणि इंजेक्शनसाठी नोटरीला माझ्या हातातून आपल्या हातात घेतलं.