बन्सी गव्हाच्या शेवया

सिंधूला बूड टेकवून बसलेलं कुणी बघितलं असेल तर त्यानं खुशाल पुढं यावं. बिलोलीकडच्या गावात होती तोवर शेत, म्हैस, चूल सगळीकडं ती एकाच वेळी असायची. नवरा शेषेराव म्हणायचा, "हिच्या माहेरच्यांनी पायाला भिंगरी बांधूनच पाठवलंय हिला." आणि आता ही बाई लातुरात एका गच्चीवरच्या खोलीत येऊन पडली होती. लेक राजकन्या नीटच्या क्लासला, मेसचं खाऊन तिला कावीळ झालेली, म्हणून रांधून घालायला आई आलेली. चालायला लागावं तर भिंत आडवी. सकाळी पुसलेली फरशी दुपारी परत पुसायची, दुसरं करणार काय!

कावीळ गेली, पण भूक काही परत येईना. परीक्षा तोंडावर आलेली आणि पोरगी कसेबसे दोन घास खाऊन ताट सरकवायची. वरणभात नको, धपाटे नको, थालीपीठ बघितलं की तोंड फिरवायची. उठताना भिंत धरायची. सिंधूचा जीव टांगणीला लागला होता. पेपर हातात पडायच्या आधीच ही चक्कर येऊन पडली म्हणजे? वर्षभराचा अभ्यास पाण्यात! शेवटी एका सोमवारी ती खेकसलीच, "मग खातीस तरी काय माय? सांग की एकदाचं!"

"एग नूडल्स."

"गाड्यावरचं? डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"मग घरी कर ना." राजकन्यानं मोबाइल पुढं केला. कुठल्या तरी मुलखातली बाई मैद्यात अंडी फोडून पीठ मळत होती, पोळी लाटून बारीक कापत होती. सिंधू बघत राहिली आणि हसायलाच लागली. "अगं बया, ह्या तर शेवयाच की!"

हसू तिथंच विरलं. खाली घरमालकीण होती ना! पार्वतम्मा निलंग्याकडची, गळ्यात लिंग, सोमवारचा कडक उपास, पूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवायची नाही. खोली देताना तिनं बजावलं होतं, "अंडं-मटण माझ्या घरात चालणार न्हाई. वास जरी आला तरी सामान बाहेर." परीक्षेच्या दिवसांत खोली गेली तर लातुरात दुसरी मिळायची आशाच सोडा.

"उकडलं तर वास येतो," राजकन्या म्हणाली, "पिठात मळल्यावर कुणाला कळतंय? आई, मला खरंच भूक लागलीय."

भूक! महिन्याभरात हा शब्द पोरीच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता. मग कसली अट आणि कसला सोमवार! सिंधू चौकातून अंडी घेऊन आली, पिशवीवर कोथिंबिरीची जुडी ठेवून. दाराला कडी लावली, परातीत मैद्याचं आळं केलं, त्यात अंडी फोडली, मीठ टाकलं. पाण्याचा थेंब नाही. पीठ आधी हाताला चिकटलं, मग घट्ट झालं, मग अंगातली सगळी तगमग काढावी तसं तिनं ते तिंबलं. टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये कोंबली, हात लिंबानं घासले. पीठ ओल्या फडक्याखाली मुरत होतं तेवढ्यात ती कितीदा जिन्यापर्यंत जाऊन आली देव जाणे. मग पातळ पोळ्या लाटल्या, पिठी भुरभुरवून घड्या घातल्या, सुरीनं बारीक कापल्या आणि दोन बादल्यांवर काठी आडवी टाकून त्या पिवळ्याधमक लडी वाळत घातल्या. काय सुरेख लोंबत होत्या! जरा वारा लागावा म्हणून येडीनं दार उघडलं.

आणि दारात पार्वतम्मा. टँकरचं पाणी टाकीत किती चढलं ते बघायला गच्चीवर आली होती.

"अय्यो, शेवया! बन्सी गव्हाच्या काय गं?"

सिंधूचं धाबं दणाणलं. "हाव," ती म्हणाली.

"तरीच म्हणलं, एवढा रंग!" म्हातारी कौतुकानं बघत उभीच राहिली. आता गावाकडची रीत अशी की शेवया केल्या की मूठभर शेजारी जातात. शेवया बघणाऱ्याला रिकाम्या हातानं कुणी पाठवत नाही. सिंधूच्या डोक्यात नुसता गोंधळ, पण हाताला सवय. हातानं आपलं आपण ताट घेतलं, काठीवरची एक लड काढली, ताटात ठेवली आणि पुढं केली. केल्यावर बाईसाहेबांच्या ध्यानात आलं आपण काय केलं ते!

"अजून ओल्या हायत अम्मा," ती घाईनं म्हणाली.

"तुपात परतल्यावर होतात कोरड्या. आज खिरीचा नैवेद्य दाखवते, उपास बी त्याच्यावरच सोडते." ताट घेऊन म्हातारी एकेक पायरी उतरत खाली गेली.

सिंधूनं राहिलेल्या शेवया उकळत्या पाण्यात सोडल्या, कांदा-कोबी परतून त्यात घातल्या, लेकीपुढं ठेवल्या. राजकन्या मान खाली घालून खात सुटली. बोटं चाटत म्हणाली, "अजून हाय?" ज्या घासाची सिंधू महिनाभर वाट बघत होती तो पोरीच्या पोटात चालला होता, आणि हिचे कान मात्र खाली. देवापाशी घंटी वाजली. गॅस पेटल्याचा आवाज आला. मग कढत्या तुपाचा वास जिन्यावरून वर आला. सिंधू उठली.

"आई, नको जाऊ. खोली जाईल."

"खोली गेली तर दुसरी बघू. त्या बाईचा नेम मोडला तर तो कुठून आणून देऊ?"

ती धडाधडा खाली उतरली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबली. कढईत तूप, ओट्यावर ताट, पार्वतम्माच्या मुठीत शेवया.

"अम्मा, टाकू नका. त्यात अंडं हाय."

पार्वतम्मानं मूठ उघडली. शेवया ताटात पडल्या. गॅस बंद करून ती नळाखाली हात चोळत राहिली, चोळतच राहिली.

"पोरगी काही खातच न्हवती अम्मा. लई भीती वाटली मला..."

"बन्सी गव्हाच्या म्हणालीस तू मला."

सिंधूला वाटलं, हिनं ओरडावं, शिव्या घालाव्यात, ते परवडलं असतं. पार्वतम्मानं हात पुसले. "पोरीनं खाल्लं का?"

"हाव. पोटभर."

"मग हे बी ने." तिनं सांडशीनं ताट उचलून उंबऱ्यावर ठेवलं. हातात नाही दिलं. "पेपर होस्तोवर खाऊ घाल तिला. पेपर झाला की खोली रिकामी कर. आन् पुन्हा ताट घेऊन खाली येऊ नको."

सिंधूनं ताट उचललं. जिना चढताना तिला रडू आलं, ते तिनं दारापाशी पदरानं पुसलं.

"काय म्हणल्या?" राजकन्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणल्या, पोरीला खाऊ घाल."

"खरंच?" पोरगी खुदकन हसली. "मी उगीच भ्याले. आई, रिझल्ट लागेपर्यंत आपण इथंच राहू गं."

"हाव," सिंधू म्हणाली. ताटातल्या शेवया तिनं परत काठीवर पसरल्या आणि भिंतीला टेकून खाली बसली. राजकन्यानं पुस्तक उघडलं, पण पान उलटायच्या आधी तिनं मान वर करून पुन्हा एकदा नीट बघितलं. आई नुसती बसलेली तिनं आजवर पाहिलीच नव्हती.