माझ्या मोळीवर उकळलेलं पाणी

खोतीणबाईने पाण्याने भरलेला हंडा माझ्यादेखत अबोलीच्या आळ्यात ओतला. मी घरापुढच्या खळ्यात लांब उभी. डोक्यावर मोळी, हातात रिकामं मडकं.

त्या वैशाखात पालीच्या बाजारातून पटकीची साथ आमच्या गावात शिरली होती. सरकारी माणूस दवंडी देऊन गेला, पाणी गाळा, उकळा, झाकून साठवा, साथ जाईपर्यंत तेच प्या. खोताच्या घरात तांब्याचे हंडे भरून ठेवले, तोंडाला दुपदरी फडकं. ते पाणी उकळायला लाकडं कोण आणणार? मी. आम्ही महार. आमचा हात पाण्याला लागला की विटाळ. लाकडाला लागला तर चालतो. रानही खोताचं, म्हणून तोडलेलं सगळं त्यांच्या परसात टाकायचं. आमची चूल पातेऱ्यावर, सुक्या पानांवर, पेजेपुरती पेटायची. आमचं पाणी ओढ्याच्या आटलेल्या पऱ्यात उकरलेल्या खड्ड्याचं. गढूळ. ते पदराने गाळायचं आणि प्यायचं.

त्याच पाण्याने माझी पोर आजारी पडली. चार वर्षांची. जुलाब-उलट्यांनी ओठ सुकले, डोळे खोल गेले. म्हणून मी मडकं घेऊन गेले होते.

"बाय, वाईच उकळलेलं पानी घाला वरून. पोरीला पटकी झालीय."

"तुला दिलं तर उद्या अख्खी वाडी दारात येईल गो. आणि हे कालचं, शिळं झालं. मोळी टाक नि जा."

शिळं पाणी अबोलीला चाललं. माझ्या पोरीला नाही.

पोर त्याच संध्याकाळी गेली.

तिला पुरून आल्यावर मी रानात गेले. मोळी बांधली आणि खोताच्या दारावरून सरळ पुढे निघाले. खोत ओटीवर बसला होता.

"कुठे चाललीस?"

"माझ्या चुलीकडं."

"रान बंद करीन तुला."

"करा. मग तुमची लाकडं तुम्हीच तोडा."

त्या दिवशी माझ्या चुलीवर पहिल्यांदा पाणी खळाखळा उकळलं. प्यायला पोर नव्हती. मी चुलीपुढे बसून रडले.

खोताने रान बंद केलं नाही, त्याला मोळ्या हव्याच होत्या. आता माझ्या घरात उकळलेलं पाणी कायम झाकून ठेवलेलं असतं. पुढच्या साथीत खोताच्या घरचं कुणी मागायला आलं, तर नाही म्हणणार नाही. पण वरून ओतणार नाही. माझ्या मडक्याला तोंड लावूनच प्यावं लागेल. नसेल प्यायचं, तर तसंच तहानलेलं परत जावं.