दाजी, सोडा आणि तुरटी

जगातल्या प्रत्येक माणसाला बाटलीत भरून वर चिठ्ठी डकवता येते, अशी पक्की समजूत असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझा थोरला साडू निघाला. बायकोच्या बहिणीचे यजमान म्हणून घरात सगळे त्यांना दाजी म्हणत, म्हणून नाइलाजाने मीही म्हणे. औरंगाबादच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवत. स्वतः शिकले होते निजामाच्या काळात, उर्दूतून. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाल्या, पण दाजींचं रसायनशास्त्र काही मराठी झालं नाही. आम्लाला ते शेवटपर्यंत तेजाब म्हणत आणि क्षाराला नमक. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांना विज्ञान किती आलं देव जाणे, दोन्ही भाषा मात्र येईनाशा झाल्या.

त्यांचा सिद्धान्त एकच. तेजाब आणि अल्कली यांचं लग्न लागलं की पोटी नमक येतं. बाप म्हणजे तेजाब जबरा आणि आई म्हणजे अल्कली गरीब असली तर नमक तेजाबी, उलट असलं तर अल्कलीच्या वळणावर जाणारं, आणि दोघंही तोडीस तोड जबरे असले तर आपलं साधं खायचं मीठ, ना इकडचं ना तिकडचं. फळ्यावर हे ठीक होतं. दाजी ते घरोघर लावत. सदऱ्याच्या खिशात लिटमसचे निळे-तांबडे कागद कायम. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा वाढलेल्या कढीत त्यांनी आधी कागद बुडवला, तो तांबडा झाल्याचं पंगतभर दाखवलं आणि मग भुरका मारला. बायकोला कोण कौतुक. माझी भूक मेली. वेरूळला सहलीला गेलो तर आम्ही लेणी बघतोय आणि हे गृहस्थ एका ओल्या भिंतीला कागद लावून उभे. रखवालदाराने हटकलं तर त्यालाच विचारू लागले की तुमच्या घरी चलती कुणाची, आईची का बापाची. मला तर त्यांनी माझ्या लग्नातच निकालात काढलं होतं. दहा पाहुण्यांसमोर म्हणाले, "तुम्ही साधं मीठ, साडूभाऊ. निळा कागद निळाच राहतो, तांबडा तांबडाच. तुमचा कशावर असर नाय." लोक हसले. त्या दिवसापासून मी या माणसाचं एकही वाक्य मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं आणि ते वीस वर्षं निष्ठेने पाळलं.

पुढे माझ्या मुलीचं, सुमनचं लग्न ठरलं. आधी दोन ठिकाणी बोलणी होऊन मोडली होती, त्यामुळे गंगापूरच्या या स्थळाने होकार दिला तेव्हा सुमनची आई देवासमोर बसून रडली होती. हे मोडलं असतं तर सुमनने पुन्हा कुणासमोर बसायला नकार दिला असता, तसं तिने सांगूनच ठेवलं होतं. हळदीच्या दिवशी सकाळी दाजी धुण्याच्या सोड्याची पुडी घेऊन हजर. मोठ्या पितळी परातीत आदल्या दिवशी भजी काढली होती, ती तेलकट परात सोड्याने घासा, म्हणाले, आणि वरून चिंचेचं पाणी फिरवायला विसरू नका. पाठोपाठ सोडा कुणाच्या पोटचा यावर व्याख्यान. सोडा ठेवून घेतला, व्याख्यान कानाआड झालं.

दुपारी जानवशावरून नवऱ्या मुलाची उष्टी हळद वाजतगाजत आली. सुमन पाटावर बसली. नवऱ्याच्या आत्याने हळद परातीत ओतली, वर पाणी घातलं, कालवली, आणि बघता बघता पिवळीधमक हळद लालभडक झाली. वाजंत्री थांबली. आत्याने हात वर धरला. तिचा आवाज चढला नाही, पण सगळ्या मांडवाला ऐकू गेला.

"हळदीचं रगत झालं. ही सोयरीक नको बाबा आपल्याला."

सुमनने मान खाली घातली. तिचे खांदे हलताना मला दिसले. दाजी गर्दीतून पुढे आले, परातीपाशी उकिडवे बसले, काठावरची पांढरी पूड बोटाने चोळली आणि विचारलं, "परात कुणी घासली?"

कुणी बोललं नाही. दाजींनी वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, जरा थांबले. मग उठून आत्याला म्हणाले, "मीच घासली, बाई. सोडा राहिला कडंला. अपशकून नाय हा, माझं येडेपण आहे." मग मांडवाबाहेर बसलेल्या न्हाव्याकडून त्यांनी तुरटीचा खडा मागवला. तो म्हातारा "लेव मास्टरसाब" म्हणत धावत आला. तुरटी पाण्यात उगाळून दाजींनी परातीत ओतली. फसफस झाली आणि लाल हळद सगळ्यांदेखत परत पिवळी झाली. सोडा आईवर गेलेला, तुरटी बापावर, एकाने बिघडवलं ते दुसरीने निस्तरलं, असं आत्याला समजावून सांगायलाही हे महाशय विसरले नाहीत. आत्याने परातीत बोट बुडवून पाहिलं. मग म्हणाली, "व्हय, पण मास्तर, परात घासाया तुमच्याकडं बाया नव्हत्या का?" मांडव हसला. वाजंत्री पुन्हा सुरू झाली आणि तीच हळद सुमनला लागली.

त्या दिवसापासून गंगापुरात दाजी 'परात घासणारे मास्तर' झाले. प्रत्येक बारशाला, प्रत्येक मुंजीला ही गोष्ट निघायची. मीही रंगवून सांगायचो. दाजी समोर बसून कागदाशी चाळा करत ऐकायचे आणि हसायचे.

मागच्या वर्षी ते गेले. तेराव्याला थकलेल्या आत्याने तीच गोष्ट काढली, लोक डोळे पुसत हसले. सुमन म्हणाली, दाजींनी घोळ घातला आणि दाजींनीच निस्तरला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. घरी आल्यावर त्यांच्या खिशातला एक निळा कागद मला मिळाला होता तो मी बराच वेळ हातात धरून बसलो. तो निळाच राहिला. आता मांडव नाही, आत्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्यांना सांगायचं ते ऐकायला नाहीत, म्हणून इथे लिहितो. परात मी घासली होती. चिंच मी लावली नव्हती, कारण ते दाजींनी सांगितलं होतं.