निरोप आधी, निर्णय मागाहून

दोन वर्षं आमच्या घरात संध्याकाळी साडेसहानंतर आई कुजबुजत बोलायची. हे वाचून ज्यांना विशेष काही वाटलं नसेल, त्यांनी माझ्या आईला ऐकलेलं नाही. ती मासे विकायची. कुणकेश्वरच्या वाटेवर उभं राहून तिने "बांगडेऽऽ" म्हटलं की वरच्या वाडीतल्या बायका ताटं घेऊन उतरायला लागत. असा आवाज तिने माझ्या नोकरीसाठी गिळला होता.

नोकरी अशी. अमेरिकेतले डॉक्टर रोगी तपासून झाला की त्याची सगळी हकिगत तोंडी रेकॉर्ड करून ठेवत. ती पुण्याच्या एका कंपनीकडे यायची आणि तिथून टेलिफोनच्या तारेवरून आमच्या घरी. मी कानाला हेडफोन लावून ऐकायचं, टाइप करायचं आणि ठरल्या वेळेत परत पाठवायचं. बीएस्सीनंतर पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करून मी हे शिकून आले होते. टेबलाखाली शिलाईच्या मशीनसारखं एक पेडल होतं. दाबलं की डॉक्टर बोलायचा, पाय उचलला की गप्प व्हायचा. आईला ते फार आवडायचं.

"असां एक आमच्या सरपंचाक बसवूक व्हया," ती कुजबुजायची.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही, पण ती सरळ पसरली नाही. मी अमेरिकेच्या डॉक्टरांचं लिहिते याचा अर्थ, मला डॉक्टरकीतलं सगळं कळतं असा झाला. शेजारचे काका सकाळीच खळ्यात येऊन लुंगी गुडघ्यापर्यंत वर करून बसायचे. "बघ गो, सूज आसा मा?" मी म्हणायची, "काका, देवगडच्या डॉक्टरांना दाखवा." एकदा ते खरंच गेले, बरे होऊन आले, आणि श्रेय मला मिळालं. त्यानंतर खळ्यात दोन बाकं कमी पडायला लागली.

काम मला आवडत होतं. अडचण होती ती विजेची आणि टेलिफोनची. वीज आपल्या मर्जीने जायची. टेलिफोनची तार माडांमधून आलेली, तिच्यावर एखादं झावळं पडलं की पुणं, अमेरिका सगळं एकदमच तुटायचं. एकदा चार दिवस फोन बंद होता. फाइल तर आजच जायला हवी. मी कॉम्प्युटरचा डबा आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला, मांडीवर घेतला आणि देवगडला मामाकडे निघाले. त्याचा फोन चालू होता. एसटीत कंडक्टरने लुगड्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "खंयचो देव?"

मी काही बोलायच्या आत पुढच्या बाकावरच्या दोघांनी उठून जागा दिली. एका बाईने चप्पल काढून नमस्कार केला. मी लुगडं नीट सारखं केलं. त्या गर्दीत डब्याला धक्का लागू नये एवढीच माझी इच्छा होती, आणि देवाला कोणी धक्का मारत नाही.

फाइल तरीही दोन तास उशिरा पोचली. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या कंपनीतल्या मॅडमचा फोन मामाकडे आला. मॅडम चांगल्या होत्या, माझ्यावर त्यांचा जीवही होता, पण त्यांनाही वर कोणाला तरी उत्तर द्यावं लागायचं.

"असं करून चालणार नाही," त्या म्हणाल्या. "तू कोल्हापूरला शिफ्ट हो. तिथे ब्रॉडबँड आलंय, लाइट राहते. काम आताच्या दुपटीने देते."

"म्हणजे ऑफिसात?"

"छे, ऑफिस कुठलं तिथे! घरूनच करायचं. फक्त घर बदलायचं. महिनाअखेरपर्यंत कळव."

घरूनच करायचं, फक्त घर बदलायचं. हे आईवडिलांना कसं समजवायचं, याचा मी परतीच्या एसटीत विचार करत होते. मनातल्या मनात भांडणसुद्धा तयार ठेवलं होतं. आई म्हणणार, पोरीच्या जातीने एकटीने राहायचं? मी म्हणणार, आता दोन हजार सहा साल आहे. आई रडणार. मी हट्टाला पेटणार. सगळे संवाद पाठ होते.

घरी आले. आई सुके बोंबील निवडत होती. मी एका दमात सगळं सांगितलं.

"जा गो," आई म्हणाली.

मी थांबले. पुढे काहीतरी येईल अशी वाट बघितली. ती बोंबील निवडत राहिली.

"जा म्हणजे? एकटीच?"

"मग काय गाव घेवन जातलंस? जा. दोन वर्सां माज्याच घरात मी चोरासारखी वावारतंय. सांजेक बायकांका बसूक बोलवूक गावणा नाय. परवा शिंक इली ती धरून ठेवलंय, कान फुटले माजे."

मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर रागच आला. भांडायला कोणी नसेल तर माणसाने आपलं म्हणणं ठेवायचं कुठे? मी वडिलांकडे बघितलं. ते कोपऱ्यात जाळं विणत बसले होते. उभं आयुष्य होडीवर गेलेला माणूस. समुद्रावर ओरडून बोलावं लागतं म्हणून की काय, जमिनीवर फार कमी बोलायचे.

"आदी बघून येव्या," ते म्हणाले. एवढंच.

वडील समुद्रातून रत्नागिरीपर्यंत आणि खाली गोव्यापर्यंत जाऊन आले होते, पण घाट कधी चढले नव्हते. वादळात होडी पालथी व्हायची वेळ आली तेव्हाही त्यांच्या पोटातलं पाणी हललं नव्हतं असं गावात सांगत. फोंडा घाटाच्या तिसऱ्या वळणावर त्यांनी खिडकीबाहेर डोकं काढलं ते घाट संपेपर्यंत आत घेतलं नाही. वर पोचल्यावर तोंड पुसून म्हणाले, "ही गाडी वाऱ्यार चालवक येणा नाय तेका." दोष ड्रायव्हरचा होता.

कोल्हापुरात मॅडमनी कोणाकडून तरी एक खोली शोधून ठेवली होती. घरमालकीण पंचायत समितीतून निवृत्त झालेल्या बाई, एकट्या राहणाऱ्या, ठसठशीत कुंकू, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि विचारलं, "पोरगी कुठं नोकरीला?"

"घरीच," मी म्हटलं.

"कुणाच्या घरी?"

"म्हणजे, इथे. वरच्या खोलीत. घरात बसून काम."

बाईंनी कप खाली ठेवला. "घरात बसून काम करायचं म्हंतासा, मग आपल्या घरात बसायचं की! त्यासाठी एवढा घाट चढून कशाला आला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. तेव्हा वडील पुढे सरकले. आता अडचण अशी की, परक्या माणसाशी शुद्ध बोलायचं म्हणजे वडिलांना एकच भाषा यायची: होडीच्या परवान्यासाठी ओरोसच्या जिल्हा कचेरीत वर्षानुवर्षं जे अर्ज केले त्यांची.

"सदर मुलगी संगणकावर काम करते," ते म्हणाले. "आमचेकडे विजेची गैरसोय आहे. तरी खोली मिळावी, ही विनंती."

बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. तीस वर्षं त्यांनी असेच कागद वाचले होते. "अर्ज पोचला," त्या म्हणाल्या. "खोली बघून घ्या."

खोली चांगली होती. वर पंखा, खाली टेबल, भिंतीत नव्या तारेचं भोक. खिडकीतून समोरच्या घराची पिवळी भिंत दिसायची आणि दुसरं काहीच दिसायचं नाही. शांतता अशी की माझा मलाच श्वास ऐकू येत होता. दोन वर्षं मी ह्याच शांततेसाठी आईला गप्प बसवलं होतं, आणि आता ती मिळाल्यावर कधी एकदा खाली उतरते असं झालं. वडील खिडकीशी उभे राहून बोट ओलं करून बाहेर धरत होते.

"मासे केले तर चालतील?" मी बाईंना विचारलं.

"कर की. आमी मटनवाली माणसं, पर मासा आवडीनं खातो. इथल्या बाजारात बी मिळतो."

वडिलांना तो बाजार बघायचाच होता. तिथे एका पाटीसमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग एक बांगडा उचलून त्याचे डोळे बघितले, टोपी सारखी केली आणि मला हळूच म्हणाले, "हेका मरान दिस किती झाले ता इचारू नको. हेचे दिवस-कार्य पण होवन गेले आसतीत."

परतीच्या एसटीत आमचं ठरलं. घाट उतरताना वडिलांनी डोळे मिटूनच सांगितलं, "नको बाय. थंय वारो नाय." मी म्हटलं, "नकोच." दोघांनाही हलकं वाटलं. मॅडमना काय सांगायचं तेही मी ठरवलं. खाली उतरल्यावर तर वडिलांना मळमळसुद्धा होईना.

स्टॉपवर उतरलो तर शेजारचे काका धावत आले. "खंय होतास? सगळी वाट बघतत!" आम्हाला ओढतच ते शाळेच्या व्हरांड्यात घेऊन गेले. तिथे महिला बचत गटाने सतरंजी घातली होती. खुर्च्या, हार, नारळ, फळ्यावर रंगीत खडूने 'निरोप समारंभ'. साठसत्तर माणसं बसलेली. आम्ही खोली बघायला गेलो म्हणजे घेतलीच, असं गावाने गृहीत धरलं होतं.

वडील माझ्या कानाशी आले. "आता?"

मला काही सुचायच्या आत हार गळ्यात पडला. गटाच्या अध्यक्षबाईंनी भाषण केलं. त्यात मी अमेरिकेला जाते आहे की कोल्हापूरला हे शेवटपर्यंत स्पष्ट झालं नाही. काकांनी आपला गुडघा सर्वांना दाखवला. मग वर्गणी काढून आणलेली भेट पुढे आली: निळ्या रंगाची, चाकांची मोठी बॅग. आमच्या गावात ती ओढून नेता येईल असा दहा पावलांचाही रस्ता नव्हता. पण चाकं फिरवून दाखवण्यात आली आणि टाळ्या झाल्या.

मी उठून खरं सांगणार होते. देवाशप्पथ सांगणार होते. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "आवशीन पण दोन शब्द सांगूक व्हये," आणि आई उभी राहिली. दोन वर्षांनंतर पहिल्यांदाच साडेसहा वाजून गेल्यावर तिने आपला खरा आवाज काढला. पुढच्या रांगेतलं एक तान्हं मूल दचकून रडायला लागलं.

"माका भाषाण येणा नाय," ती म्हणाली. "ह्या चेडू काय काम करता ता माका अजून नीट कळूक नाय. पण दोन वर्सां बघतंय. सांज झाली की कानाक ता लावन बसता आणि आजारी माणसांचा लिवता. कोणाचो पाय मोडलो, कोणाची किडनी गेली. मगे जेवूक बसता तेवा तोंडार हासू नसता. मी घरात बोलणंय नाय, बापूस पयल्यापासून बोलणा नाय. सत्तावीस वर्सांचा चेडू आमचा. जाव दे तेका भायर. चार धडधाकट माणसां पण आसत जगात, ती बघू दे."

आणि ती खाली बसली. नाक पदराला पुसलं. मग शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "चाय खंय रवली?"

म्हणजे शिंकेची गोष्ट खरी होती, पण पूर्ण नव्हती. मी हार चुरगाळत बसले. मला घरी राहायचं होतं की कोणीतरी "राहा" म्हणावं एवढंच हवं होतं, हे तेव्हा पहिल्यांदा स्वतःला विचारलं. उत्तर फार काही अभिमानाचं नव्हतं. त्या पिवळ्या भिंतीची मला भीती वाटली होती, आणि भीतीला मी वाऱ्याचं नाव दिलं होतं.

वडिलांनी पुन्हा विचारलं, "आता काय?"

"जातलंय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "बॅग तर गावली," ते म्हणाले.

आठ दिवसांनी हापूसच्या पेट्या नेणाऱ्या टेंपोतून मी, कॉम्प्युटर आणि बॅग घाट चढलो. आई रस्त्यापर्यंत आली होती. टेंपो वळणाआड गेल्यावरही तिच्या सूचना ऐकू येत होत्या. शेवटची सूचना बॅगेतल्या मिरच्या आणि सुक्या कोळंबीबद्दल होती.

कोल्हापुरात मी साडेतीन वर्षं राहिले. चांगली राहिले. चुका कमी झाल्या, काम वाढलं, मैत्रिणी झाल्या, रंकाळ्यावर फिरायला शिकले. पुढे देवगडला नीट इंटरनेट आलं तेव्हा परत आले, तेही कोणी बोलावलं म्हणून नाही. पण पहिल्याच आठवड्यातली एक संध्याकाळ सांगायला हवी. वीज होती, तार शाबूत होती, शांतता तर विचारू नका. एक तास काम केलं आणि उठून खाली गेले. बाईंना म्हटलं, चहा टाकू का? बाईंनी आपल्या कचेरीतली एक हकिगत काढली, मी आमच्या सरपंचांची काढली. घड्याळाकडे बघितलं तेव्हा फाइलची वेळ उलटून गेली होती.

मॅडमचा फोन आला. "काय गं, लाइट गेली?"

"नाही."

"मग? कनेक्शन?"

"कनेक्शन पण चांगलं आहे, मॅडम."

"मग झालं काय?"

"गप्पा मारत बसले होते," मी म्हटलं.