आत्या आणि सदर प्राणी

कायद्याला मनापासून मान देणारं नाशकात आता एकच माणूस उरलं आहे आणि ते म्हणजे माझी आत्या, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. भर दुपारी चौकात चिटपाखरू नसलं तरी सिग्नल हिरवा झाल्याशिवाय ती रिक्षावाल्याला इंचभर हलू देत नाही. तीस-बत्तीस वर्षं तिने एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. आलेल्या कागदावर गोल शिक्का मारायचा, तारीख घालायची, वहीत नोंद करायची आणि आणणाऱ्याला पोच द्यायची. तेव्हापासून तिची अशी श्रद्धा बसली आहे की ज्या गोष्टीची पोच नाही, ती गोष्ट या जगात घडलेलीच नाही. मी माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तेव्हा तिने आधी दुसरी पत्रिका मागून घेतली, तिच्यावर 'मिळाली' असं लिहून तारखेसह सही केली, ती मला परत दिली आणि मगच तोंडभरून आशीर्वाद दिला. अशा या बाईने इंदिरानगरातल्या आपल्या तळमजल्याच्या घरात दीड वर्ष एक चार फुटी घोरपड सांभाळली. घरात घोरपड ठेवणं हा वाघ ठेवण्याइतकाच मोठा गुन्हा आहे, हे आत्याला कलमासकट पाठ होतं.

झालं असं की सोसायटीचं तुंबलेलं चेंबर साफ करताना आतून ही घोरपड निघाली आणि कुणाच्या तरी पहारीने तिचा मागचा पाय मोडला. सगळी सोसायटी गोळा झाली. पहिल्या मजल्यावरून ही मगर असल्याचं जाहीर झालं, तिसऱ्या मजल्याने तिला परदेशी ठरवलं, आणि व्हॉट्सअॅपवर पाचव्या मिनिटाला गंगापूर धरण फुटल्याची अफवा सुटली. काठ्या शोधायला माणसं धावली. तेवढ्यात आत्या रेनकोट घेऊन आली, तिने तो घोरपडीवर टाकला आणि काठीवाल्यांना विचारलं, "मारायचा लेखी आदेश कुणाकडे आहे?" कुणाकडेच नव्हता. पण रेनकोटाखालचं उचलायचं कुणी, हाही प्रश्न होताच. तो आत्याकडे धुणीभांडी करणाऱ्या पारूबाईने सोडवला. पारूबाई सुरगाण्याकडची, डोंगरातली. तिने एका हाताने मान आणि दुसऱ्याने शेपटीचं मूळ धरून घोरपड सरळ उचलली. "अशी धरायची. भ्यायचं नाय, तीच लय भ्यालेली हाय," असं म्हणत तिने ती आत्याच्या न्हाणीघरात नेऊन ठेवली.

जनावरांच्या डॉक्टरांनी पाय बांधून दिला. त्याच दिवशी आत्याने मला पत्र सांगितलं. 'विषय: जखमी घोरपड ताब्यात घेणेबाबत. महोदय, सदर प्राणी आमचे न्हाणीघरात असून...' मी ते स्कूटरवरून संबंधित कार्यालयात नेऊन दिलं. ते कार्यालय कुठलं हे मी सांगणार नाही, कारण तिथली माणसं चांगली होती, फक्त त्यांची गाडी नादुरुस्त होती. "गाडी दुरुस्त झाली की येतो, तोवर तुम्हीच सांभाळा," ते म्हणाले आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. आत्याने ती पोच लॅमिनेट करून देवघराशेजारी टांगली. पुढे कुणीही कायद्याचा विषय काढला की ती नुसती त्या भिंतीकडे बोट दाखवायची. सुरुवातीला दर महिन्याच्या एक तारखेला एक स्मरणपत्र जायचं, त्यावर शिक्का यायचा, आणि गाडी तेवढी यायची नाही.

पत्रात जिचा उल्लेख 'सदर प्राणी' असा व्हायचा तिला घरातही दुसरं नाव मिळालं नाही. "सदर, खाऊन घे गं," अशी हाक मी या कानांनी ऐकली आहे. आता सदरला खायला अंडी लागत, आणि आत्या अशी शाकाहारी की केकवालाही तिला अंडं नसल्याची शपथ घेऊन केक देतो. पहिल्या दिवशी ती दुकानात गेली आणि "ते... पांढरं... सहा नग" एवढंच बोलू शकली. अंडीवाले चाचा समजूतदार. त्यांनी अंडी तीन कागदांत गुंडाळली आणि विचारलं, "बाईजी, बीमार कौन है?" "आहे एक घरात," आत्या म्हणाली. तेव्हापासून चाचा रोज पेशंटची तब्येत विचारू लागले. घरी आल्यावर आत्या अंडं सांडशीने धरायची, तोंड फिरवायची आणि अंदाजाने ताटलीत सोडायची, त्यामुळे निम्मी अंडी सदरच्या पाठीवर फुटत. सहा महिन्यांनी मात्र मी पाहिलं तर सांडशी खुंटीला होती आणि आत्या हाताने अंडं भरवत होती. मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर त्याचंही निवेदन मलाच लिहावं लागलं असतं.

सोसायटीचं म्हणाल तर तिने आधी नोटीस काढली. मग उन्हाळा आला आणि आत्याने मागच्या अंगणात पापड वाळत घातले. शेजारी सदर ऊन खात पडलेली. कबुतरं तर राहोच, कावळासुद्धा फिरकला नाही. चार दिवसांत चारही मजल्यांच्या कुरडया आत्याच्या अंगणात आल्या आणि नोटीस कुठे गेली ते कळलं नाही. एक निवृत्त इतिहासाचे सर दोरी घेऊन आले आणि "फक्त पहिल्या मजल्यापर्यंत चढवून बघू," म्हणाले. पण खरी कमाल चेअरमनसाहेबांची. ते एका दुपारी चपला हातात घेऊन मागच्या दाराने आले आणि कुजबुजले, "काकू, गुडघे फार धरलेत हो. हिचं तेल काढतात म्हणे. दोन थेंब मिळाले असते तर..." आत्याने त्यांना बसायला पाट दिला, कोरा कागद दिला आणि म्हणाली, "तेल कशातून काढायचं, ते काढल्यावर हिचं काय होणार आणि त्याला शिक्षा किती, एवढं सविस्तर लिहून खाली सही करा. मी पोच देते." चेअरमनसाहेब तसल्या गुडघ्यांनीही फाटकापर्यंत पळत गेले.

तिसरं स्मरणपत्र घेऊन मी निघालो तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली. आत्या 'पोच आण' म्हणाली नाही. मी दारात थांबलो, चप्पल घालायला उगाच वेळ लावला, तरी नाही म्हणाली. मी काय समजायचं ते समजलो आणि ते पत्र स्कूटरच्या डिकीत टाकलं. त्यानंतर दर महिन्याला ती नेमाने पत्र सांगत गेली, मी नेमाने डिकीत टाकत गेलो, आणि यावर आमच्यात कधी चकार शब्द झाला नाही. काका, म्हणजे आत्याचे यजमान, गेल्यापासून ती त्या घरात नऊ वर्षं एकटी होती. आता तिला सकाळी उठून कुणाचं तरी ऊन बघायचं असे, थंडीत गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळायची असे. दुपारी ती पेपर मोठ्याने वाचे आणि मधेच थांबून सदरला विचारे, "हे बरोबर आहे का, तूच सांग." सदर दुभंगलेली जीभ बाहेर काढून आत घेई. आत्याला तेवढी पोच पुरत असे.

पाय कधीचाच बरा झाला होता. ते सगळ्यांना दिसत होतं, बोलली फक्त पारूबाई. अंगण झाडता झाडता ती म्हणाली, "बाई, ही रोज भिंतीखाली उकरते, नखातून रगत येतंय. पाय बरा झाला ना? मंग तिला जायाचं हाय." आत्या तिच्यावर एवढी चिडली की दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला न बोलावता स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, रिक्षाने जाऊन दिलं आणि शिक्का घेऊन आली. त्यात एकच नवीन वाक्य होतं: 'सदर प्राणी आता पूर्ण बरा झाला असून त्यास येथे ठेवण्याचे कोणतेही कारण उरलेले नाही.'

आणि काय सांगावं, चार दिवसांत गाडी आली! आलेला तरुण वनरक्षक कागद चाळून बुचकळ्यात पडला. "आजी, आमच्या फायलीत तुमची आधीची तीनच पत्रं आहेत. आणि यावर तर स्मरणपत्र क्रमांक सोळा लिहिलंय." आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "टपालात होतात कधी कधी गहाळ," ती म्हणाली. बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकून मला तिच्या पायाच पडावंसं वाटलं. मग तिने ताबापावतीत स्वतःच्या अक्षरात शेरा घातला, 'थंडीत सकाळचे ऊन आवश्यक', आणि सोडताना समक्ष हजर राहण्याचा आपला हक्क असल्याचं सांगून मला घेऊन जीपमध्ये जाऊन बसली. असा हक्क कुठल्या कायद्यात आहे, हे विचारायची हिंमत त्या बिचाऱ्याला झाली नाही.

डॉक्टरांनी तपासून पाय नीट जुळल्याचं लिहून दिलं, आणि दुपारी सुरगाण्याच्या बाजूच्या एका डोंगराखाली वनरक्षकाने पोतं उघडलं. सदर बाहेर आली. क्षणभर थांबून तिने जीभ काढली, हवा चाखली आणि किंचित लंगडत, पण सरळ, खडकांकडे चालू लागली. तिने एकदा तरी मागे बघावं असं मला फार वाटत होतं. माझ्यासाठी नाही, आत्यासाठी. पण ती एका कपारीत शिरली, शेपटी आत ओढून घेतली आणि संपलं.

"बघितलंस?" आत्या म्हणाली. "एकदासुद्धा वळली नाही. माणसाळली नाही हो, चांगली राहिली." आवाज अगदी कचेरीतला होता. जीपमध्ये बसल्यावर मात्र घाट उतरताना तिने माझा हात धरला. मी पन्नाशीला आलेला माणूस, लहानपणी रस्ता ओलांडताना ती धरायची तसा घट्ट धरला. ती खिडकीतून बाहेर बघत रडत होती आणि मला ते दिसत नाही असं आम्ही दोघांनीही ठरवून टाकलं होतं. इंदिरानगर आलं, जीप फाटकाशी थांबली, वनरक्षकाने दार उघडलं, तरी तिने हात सोडला नाही. "नंदू," ती म्हणाली, "आज जेवायला थांब. उद्याही ये."