दसऱ्याच्या आदल्या दिवशीचं वाक्य

पुण्याहून सकाळी निघालेली बस दुपारी बाराला नाशिकला पोहोचली. पिशवीत लॅपटॉप होता आणि त्यात मामेभाऊ संजयच्या ॲनिमेशनपटाचा कच्चा भाग. चाळिशीतला माणूस फुलमळ्यातलं बालपण आठवतो, एवढीच कथा. त्यातल्या आईला मामीचाच आवाज हवा, हा संजयचा हट्ट. फोनवर मामीने दोनदा नकार दिला होता.

गंगापूर रोडवर रिक्षा दोनदा रस्ता चुकली. "मळा? दादा, इथं आता सगळे फ्लॅट," चालक म्हणाला. अखेर इमारतींच्या मागे झेंडूचा एक तुकडा दिसला. मामी कमरेला ओटी (फुलं टाकायची कापडी झोळी) बांधून तोडणी करत होती.

"आधी जेव, मग तुझा शिणेमा."

भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन ओसरीवर लॅपटॉप उघडला. चित्रातली आई टोपली घेऊन झेंडू तोडत होती.

"टोपली धरली तर तोडायचं कोणत्या हातानं? शहरात जाऊन संजय ओटी बी विसरला," मामी हसली.

पुढचं दृश्य दसऱ्याच्या आदल्या दिवसाचं. आई मुलाच्या हातातलं दप्तर काढून घेते. "शाळा राहू दे. फुलं तोड." मुलाचा पेपर बुडतो.

मामीचं हसू थांबलं. "म्हणले होते मी असं. बाजार एका दिवसाचा. सगळ्यांचीच पोरं मळ्यात असायची." मग म्हणाली, "दसरा झाल्यावर मास्तरांच्या पाया पडले. पेपर पुन्हा लिहू दिला त्यांनी. संजयला वाटलं, मास्तर दयाळू."

"हेही दाखवायला सांगू?"

"नको. त्याला आठवतंय ते त्याचं हाय. शिणेमात मला चांगली करू नको." थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "रेकॉर्डिंग कशात करतो? वाक्य माझंच हाय, दुसरी बाई कशाला बोलंल?"

तिने ते पाच वेळा म्हटलं. दर वेळी आवाज आणखी खाली आला.

"आता जमत नाय रे. तेव्हा लय घाई होती."

दुसऱ्या दिवशी पुण्यात संजयने ते ऐकलं. "आई अशी नव्हती बोलली."

सिनेमात दाखवायचं नाही, एवढंच मामीने बजावलं होतं. संजयला सांगू नको, असं ती म्हणाली नव्हती. मी मास्तरांची हकिकत सांगितली. त्याने पाचव्या वेळचं वाक्य पुन्हा लावलं.

चित्रपट आता पूर्ण झाला आहे. नाशिकला जाताना मला एक होकार आणायचा होता. आणलं ते त्याहून अवघड निघालं. त्या दृश्यात आईचा चेहरा आजही रागीट आहे, संजयला आठवतो तसा. आवाज मात्र मामीचा, पाचव्या वेळचा.